पोलादाच्या गोष्टीचा उत्तरार्ध

गेल्या दिवाळीनंतर एके सायंकाळीं आम्ही ओसरीवर बसलों असतां एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. वय पन्नाशीच्या घरांत, कानशिलांवरचे केस पांढरे झालेले. त्यानें वाकून नमस्कार केला, चहा घेतला, घरांतील थोरामोठ्यांची नांवानिशीं चौकशी केली. आणि मग सहज सांगावें तसें सांगितलें कीं, ज्या कारखान्यांत त्यानें चोवीस वर्षें काम केलें तो श्रावणांत बंद झाला. आम्ही सांत्वनाचे चार शब्द बोललों. ते शांतपणें ऐकून घेऊन तो म्हणाला, "गुरुजी, आठवींत आपण आम्हांला कार्नेजीची गोष्ट सांगत होतां. गिरणींतल्या पोरानें पोलादाचें राज्य उभारलें, ती. मला ती अजून तोंडपाठ आहे. पण त्या राज्यांत भट्टीपुढें जे उभे होते त्यांचें पुढें काय झालें, हें आपण कधीं सांगितलें नाहीं."

त्याच्या बोलण्यांत तक्रारीचा सूर नव्हता, आणि म्हणूनच तें आम्हांस अधिक लागलें. दरसाल नवा वर्ग आला कीं ही गोष्ट आम्हीं सांगितली आहे. गरीब घरांतील मुलांस उद्योगाची ओढ लागावी हा त्यांतील हेतु. तो वाईट होता असें आजही वाटत नाहीं. परंतु पूर्वार्ध संपला कीं आम्ही पुस्तक मिटीत होतों, हें कबूल केलें पाहिजे. तो विद्यार्थी गेल्यावर आम्हीं या विषयावरचें जें वाचावयाचें राहिलें होतें तें वाचून काढलें. त्याचें सार येथें वाचकांपुढें ठेवीत आहों. ज्या घरांत आजे आणि नातवंडें एका पंक्तीस बसतात, त्या घरांत तें मोठ्यानें वाचलें जावें एवढीच इच्छा.

विणकराचा मुलगा

अँड्र्यू कार्नेजीचा जन्म स्कॉटलंडांतील डन्फर्मलाइन या गांवीं १८३५ मध्यें झाला. बाप हातमागाचा विणकर होता. वाफेवर चालणारे माग आले आणि हातमागाचें काम बसलें. १८४८ मध्यें हें कुटुंब उसनवारी करून अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया प्रांतांत जाऊन राहिलें. तेराव्या वर्षीं हा मुलगा सुताच्या गिरणींत आठवड्यास १ डॉलर २० सेंट मजुरीवर कांड्या बदलण्याचें काम करूं लागला. पुढें तो तारऑफिसांत निरोप्या झाला. तारेच्या यंत्राचा नुसता कटकट आवाज ऐकून संदेश उमजण्याची विद्या त्यानें आपली आपण साध्य केली, आणि १८५३ मध्यें पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या एका अधिकाऱ्यानें त्याला आपल्या हाताखालीं घेतलें.

याच काळांतील एक प्रसंग आम्ही वर्गांत आवर्जून सांगत असूं. अँडरसन नांवाच्या एका सद्गृहस्थानें आपलीं सुमारें चारशें पुस्तकें कामकरी मुलांस दर शनिवारीं फुकट वाचावयास खुलीं केलीं होतीं. पुढें तेथील व्यवस्थापकांनीं ठराविक धंद्यांत उमेदवारी करणाऱ्या मुलांखेरीज इतरांकडून वर्गणी मागितली. तेव्हां या निरोप्या पोरानें वर्तमानपत्रांत पत्र लिहून तो नियम बदलावयास लावला. ज्यानें पुढें अडीच हजारांवर ग्रंथालयें बांधून दिलीं, त्याच्या दानशूरतेचें बीज या शनिवारच्या पुस्तकांत होतें, असें आम्ही सांगत होतों. तें खरेंही आहे.

स्वस्त पोलाद कसें झालें

त्या वेळेपर्यंत रूळ घडीव लोखंडाचे असत. ते लवकर झिजत. इंग्लंडांत बेसेमरनें पोलाद करण्याची नवी रीत काढली होती. वितळलेलें बीड एका मोठ्या नासपतीच्या आकाराच्या पात्रांत ओतावयाचें आणि बुडाकडून जोराची हवा फुंकावयाची. म्हणजे लोखंडांतील जादा कार्बन हवेंतील प्राणवायूशीं जळून जातो, त्या जळण्याचीच उष्णता धातूला पातळ ठेवते, आणि घटका-अर्ध्या घटकेंत कित्येक टन पोलाद तयार होतें. कार्नेजीनें ही रीत उचलली आणि १८७५ मध्यें पिट्सबर्गजवळ ब्रॅडक येथें मोठा कारखाना सुरू केला. त्याला नांव दिलें एडगर थॉमसन यांचें. हे गृहस्थ पेनसिल्व्हेनिया रेल्वेचे अध्यक्ष, म्हणजेच रुळांचें सर्वांत मोठें गिऱ्हाईक!

परंतु कार्नेजीचें खरें शस्त्र यंत्रापेक्षां हिशेबाचें होतें. एक टन रुळास खनिज किती, कोळसा किती, मजुरी किती, विटा किती, हें प्रत्येक खात्याचें टिपण नित्य होत असे, आणि गेल्या महिन्याहून खर्च वाढला तर त्याचा जाब द्यावा लागे. अधिक चांगलें यंत्र निघालें कीं चालू स्थितींतलें जुनें यंत्र मोडींत काढावयास तो कचरत नसे. हेन्री फ्रिक या कोकच्या व्यापाऱ्यास त्यानें भागीदार करून घेतलें. पुढें लोहखनिजाच्या खाणी, सरोवरांतील जहाजें आणि रेल्वे हींही एका हाताखालीं आणलीं. परिणाम असा झाला कीं, १८७५ मध्यें पोलादी रुळांचा जो भाव टनास ६० डॉलरच्या वर होता तो १८९८ मध्यें २० डॉलरच्या खालीं आला. रेल्वेमार्ग, पूल, उंच इमारती यांनीं अमेरिका भरून गेली ती या स्वस्ताईमुळें. आमची गोष्ट येथें संपत असे.

होमस्टेड

आतां उत्तरार्ध. ब्रॅडकपासून जवळच मोनाँगहेला नदीच्या कांठीं होमस्टेड येथें कार्नेजीचा दुसरा मोठा कारखाना होता. तेथील कसबी कामगारांचा संघ बळकट होता, आणि त्याच्याशीं झालेला करार १८९२ च्या जूनअखेर संपत होता. खर्चाच्या ज्या वहींत कोळसा आणि विटा यांचे रकाने होते, त्याच वहींत मजुरीचाही रकाना होता. आणि तो कमी करावयाचा तर संघ मोडणें अवश्य होतें. कार्नेजीनें स्वतः १८८६ मध्यें कामगारांना संघ करण्याचा हक्क आहे असे लेख लिहिले होते. तरी या खेपेस तो स्कॉटलंडांत उन्हाळा घालविण्यास गेला आणि सर्व अधिकार फ्रिकच्या हातीं देऊन गेला.

फ्रिकनें कारखान्याभोंवतीं उंच कुंपण उभारलें, कामगारांस बाहेर काढून दरवाजे बंद केले आणि पिंकर्टन नांवाच्या खासगी पहारेकऱ्यांच्या संस्थेकडून ३०० हत्यारबंद माणसें मागविलीं. ६ जुलै १८९२ रोजीं पहांटे हीं माणसें दोन पडावांतून नदीमार्गें आलीं. कांठावर कामगार, त्यांच्या बायका, पोरें असा सारा गांव लोटला होता. गोळ्या सुटल्या, दिवसभर लढाई चालली, दोन्हीकडचीं मिळून दहाच्या आसपास माणसें मेलीं. पिंकर्टनची टोळी शरण आली, पण थोड्याच दिवसांत प्रांताच्या गव्हर्नरानें हजारों सैनिक पाठविले, त्यांच्या संरक्षणाखालीं नवे मजूर आंत गेले आणि नोव्हेंबरांत संप मोडला. त्यानंतर या धंद्यांत कामगारसंघ पुन्हा मान वर काढण्यास चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला.

संघ गेल्यावर बारा तासांचा दिवस कायम झाला. रात्रपाळी आणि दिवसपाळी यांची पंधरा दिवसांनीं अदलाबदल होई, तेव्हां एका तुकडीला सलग चोवीस तास भट्टीपुढें उभें राहावें लागे. ब्रॅडक येथें कार्नेजीनें १८८९ मध्यें सुंदर ग्रंथालय बांधून दिलें होतें. होमस्टेडलाही १८९८ मध्यें दिलें. आम्ही जन्मभर पुस्तकांची महती गाणारे मास्तर. तरी आमच्याही मनांत येतें कीं, बारा तास वितळलेल्या धातूपुढें उभा राहून आलेला मनुष्य त्या ग्रंथालयाची पायरी कोणत्या वेळीं चढणार? शनिवारीं चारशें पुस्तकें उघडून देणाऱ्या अँडरसननें त्या मुलाला शनिवारचा वेळ मिळेल असें धरलें होतें. तो वेळच त्या मुलानें मोठेपणीं इतरांस ठेवला नाहीं.

चिठोऱ्यावरचा आंकडा

१२ डिसेंबर १९०० रोजीं न्यूयॉर्कमध्यें एका मेजवानीच्या प्रसंगीं कार्नेजी कंपनीचा तरुण अध्यक्ष चार्ल्स श्वाब यानें भाषण केलें. सगळे पोलादाचे कारखाने एकत्र आले तर केवढी काटकसर होईल, हें त्यानें रंगवून सांगितलें. शेजारीं जे. पी. मॉर्गन हे बडे सावकार बसले होते. त्यांनीं श्वाबला गांठून किंमत विचारावयास सांगितलें. कार्नेजीनें एका कागदाच्या तुकड्यावर ४८ कोटी डॉलर हा आंकडा लिहून दिला. मॉर्गननीं तो पाहून मान्य केला. घासाघीस अशी झालीच नाहीं. फेब्रुवारी १९०१ मध्यें युनायटेड स्टेट्स स्टील कॉर्पोरेशन ही कंपनी जन्मास आली. तिचें भांडवल १४० कोटी डॉलर धरलें होतें. शंभर कोटींची मर्यादा ओलांडणारी ही जगांतील पहिली कंपनी. देशांतील सुमारें दोनतृतीयांश पोलाद तिच्या हातीं होतें आणि दीड लाखांहून अधिक माणसें तिच्या चाकरींत होतीं.

श्रीमंत राहून मरणें ही लाजिरवाणी गोष्ट होय, असें कार्नेजीचें मत होतें, आणि तें त्यानें आचरणांत आणलें. १९१९ मध्यें तो वारला तोंवर सुमारें ३५ कोटी डॉलर त्यानें ग्रंथालयें, विद्यापीठें, संशोधन आणि शांतताकार्य यांस दिले होते. उलट श्वाबनें मिळविलें तें उधळलें, आणि १९३९ मध्यें तो मेला तेव्हां कर्ज मालमत्तेहून जास्त होतें. या दोघांत वंदनीय कोण, याविषयीं शंका नाहीं. पण दान करतेवेळचा हात मोकळा असला म्हणजे मिळवितेवेळची मूठ विसरावी असें नाहीं.

नव्या कंपनीचे धुरीण एल्बर्ट गॅरी हे मूळचे वकील. त्यांचा स्वभाव कार्नेजीच्या उलट होता. भाव पाडून प्रतिस्पर्ध्यास चीत करण्यापेक्षां सर्वांनीं मिळून भाव स्थिर ठेवावे, असें त्यांचें धोरण होतें. मिशिगन सरोवराच्या कांठीं १९०६ पासून त्यांच्याच नांवाचें एक नवें शहर कंपनीनें वसविलें. १९११ मध्यें सरकारनें मक्तेदारीचा खटला भरला. १९२० मध्यें वरिष्ठ न्यायालयानें चार विरुद्ध तीन मतांनीं कंपनीला निर्दोष ठरविलें. केवळ मोठें असणें हा अपराध नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. तोंपर्यंत छोटे प्रतिस्पर्धी त्या स्थिर भावाच्या छायेंत वाढूं लागले होते.

जमशेटजींची पिट्सबर्गयात्रा

या कथेचा एक धागा आपल्याकडे येतो. १९०२ मध्यें जमशेटजी टाटा अमेरिकेस गेले आणि पिट्सबर्ग येथें ज्युलियन केनेडी या अभियंत्यास भेटले. केनेडी हा कार्नेजीच्या कारखान्यांत तयार झालेला माणूस. त्यानें सांगितलें कीं, आधीं खनिज, कोळसा, पाणी यांचा शास्त्रशुद्ध शोध घ्या. त्यालाच पुष्कळ पैसा लागेल. आणि या कामास न्यूयॉर्कच्या चार्ल्स पेज पेरिन यांस गांठा. जमशेटजींनीं तसें केलें. १९०४ मध्यें ते वारले. पुत्र दोराबजी यांनीं काम पुढें नेलें. लंडनच्या बाजारांत भांडवल उभें राहीना, तेव्हां १९०७ मध्यें मुंबईंत स्वदेशी लोकांस आवाहन केलें. ते स्वदेशी चळवळीचे दिवस होते. अवघ्या तीन आठवड्यांत सुमारें ८,००० हिंदी भागीदारांनीं सगळें भांडवल भरून काढलें. साकची येथें, म्हणजे पुढें जें जमशेदपूर झालें तेथें, १९१२ च्या फेब्रुवारींत पोलादाची पहिली लगड ओतली गेली.

आतां वाचकांनीं दोन सनांकडे लक्ष द्यावें. जमशेदपूर येथें आठ तासांचा दिवस १९१२ मध्यें सुरू झाला. ज्या पिट्सबर्गहून ही विद्या आणली तेथील बड्या कंपनीनें बारा तासांची पद्धत सोडली ती १९२३ मध्यें, आणि तीही अध्यक्ष हार्डिंग यांनीं आग्रह धरल्यावर. शिष्यानें गुरूची विद्या घेतली, गुरूचा दोष घेतला नाहीं, असें म्हणण्याचा मोह होतो. पण पुन्हा अर्धीच गोष्ट सांगावयाची नसल्यामुळें हेंही नमूद करतों कीं, जमशेदपुरासही १९२०, १९२२ आणि १९२८ मध्यें मोठे संप झाले. भट्टीपुढच्या माणसाचा प्रश्न एका नियमानें सुटत नाहीं.

वार्धक्य

पुढचा इतिहास थोडक्यांत सांगतों. १९३७ मध्यें कंपनीनें कामगारसंघास मान्यता दिली, आणि या वेळीं एकही गोळी सुटली नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत, १९४३ मध्यें, तिच्या चाकरींत ३,४०,००० माणसें होतीं. १९५३ मध्यें तिनें साडेतीन कोटी टनांहून अधिक पोलाद केलें. तो तिचा मध्यान्ह.

त्याच सुमारास, १९५२ मध्यें, ऑस्ट्रियांतील लिंझ येथें एक नवी रीत सुरू झाली होती. हवेऐवजीं शुद्ध प्राणवायु वरून फुंकावयाचा. जुन्या भट्टीला जें करावयास आठ-दहा तास लागत तें त्या रीतीनें पाऊण तासांत होई. युद्धानें उध्वस्त झालेल्या जपाननें ती तत्काळ उचलली. अमेरिकेंतील बड्या कंपनीजवळ मात्र जुन्या पद्धतीच्या भट्ट्या नुकत्याच मोठ्या खर्चानें बांधलेल्या होत्या, त्या मोडवेनात. चालू यंत्र मोडींत काढण्याचें कार्नेजीचें धैर्य त्याच्या वारसांस राहिलें नव्हतें. १९५९ मध्यें पांच लाख पोलादकामगारांचा संप ११६ दिवस चालला, आणि त्या अवधींत गिऱ्हाइकांस परदेशी पोलादाची संवय लागली. मग देशांतच भंगार वितळवून विजेच्या भट्टींत पोलाद करणारे लहान कारखाने निघाले. १९७९ मध्यें कंपनीनें १३,००० माणसांस घरीं बसविणारी कारखानेबंदी जाहीर केली. १९८२ मध्यें सहाशें कोटी डॉलरांच्या आसपास रक्कम घालून तिनें तेलाची कंपनी विकत घेतली. त्या पैशांत किती नव्या भट्ट्या झाल्या असत्या, असें कामगार विचारूं लागले; तें स्वाभाविक होतें.

१९८६ मध्यें होमस्टेडचा कारखाना बंद झाला. युद्धकाळांत तेथें पंधरा हजार माणसें खपत होतीं. आज त्या जागेवर दुकानें आणि चित्रपटगृह आहे. जुन्या कारखान्याचीं बारा धुरांडीं तेवढीं एका रांगेंत उभीं ठेविलीं आहेत. ब्रॅडकचा १८७५ चा कारखाना मात्र अद्याप धगधगतो आहे. आणि ज्या जपाननें नवी भट्टी वेळेवर उचलली, त्याच जपानच्या निप्पॉन स्टीलनें डिसेंबर १९२३ नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, डिसेंबर २०२३ मध्यें, ही सगळी कंपनी विकत मागितली. जानेवारी २०२५ मध्यें अध्यक्ष बायडेन यांनीं मनाई केली. त्यांच्यामागून आलेल्या ट्रम्प यांनीं सरकारच्या हातीं नकाराधिकार देणारा एक सुवर्णसमभाग ठेवून जूनमध्यें परवानगी दिली. १८ जून २०२५ रोजीं कर्जासह सुमारें १,४९० कोटी डॉलरांस हा व्यवहार पुरा झाला. निप्पॉननें १,१०० कोटी डॉलर नव्या बांधणींत घालण्याचें वचन दिलें आहे.

तात्पर्य

लक्ष्मी चंचल आहे, असें आपण लहानपणापासून ऐकतों. या इतिहासावरून आम्हांस असें वाटतें कीं, ती उगाच उठून जात नाहीं. आमच्या वाड्याचें उदाहरण घ्या. आजोबांच्या वेळचा एक सागवानी खांब आंतून पोखरला होता. बाहेरून तुळतुळीत, म्हणून वडिलांनीं तो बदलूं दिला नाहीं, आणि एका पावसाळ्यांत माजघराचा अर्धा माळा खालीं आला. कंपनीचेंही असेंच झालें. जें आपणांस यश देऊन गेलें तें मोडवत नाहीं. एकत्र कुटुंबाच्या कर्त्या पुरुषास हें सांगण्याची गरज आहे, आणि आम्ही स्वतःस त्यांतून वगळीत नाहीं.

दुसरी गोष्ट हिशेबाची. वही चोख ठेवावी, पण वहींत माणसाचा रकाना कोळशाच्या रकान्याशेजारीं बसला म्हणजे कधींना कधीं होमस्टेड होतें.

संक्रांतीस तो विद्यार्थी तिळगूळ घ्यावयास पुन्हा आला. आम्हीं घरांतील मुलांस ओसरीवर बसविलें आणि ही गोष्ट १८३५ पासून २०२५ पर्यंत सगळी सांगितली. चुकलें तेथें भट्टीच्या कामाची माहिती त्यानें सुधारून दिली. उष्णता काय असते हें आम्हांस पुस्तकांतून ठाऊक, त्याला अंगानें. शेवटीं धाकट्या नातवानें विचारलें, "आजोबा, मग कार्नेजी चांगला कीं वाईट?" आम्ही विद्यार्थ्याकडे पाहिलें. तो म्हणाला, "बाळ, तो फार हुशार होता. त्यानें एकदां आपल्या कारखान्यांत रात्रपाळी करावयास हवी होती." त्याला स्वतःला आतां एका तंत्रशाळेंत मुलांस यंत्रकाम शिकविण्याची तात्पुरती नोकरी मिळाली आहे; पगार पूर्वीच्या निम्मा. निघतांना तो आमच्याकडून या लेखाची टिपणें मागून घेऊन गेला. आपल्या वर्गांत तो दोन्ही अर्ध सांगणार आहे.